मालगुजाराचा वाडा : परिभाषेचा एक प्रश्न

मराठीतील वाडा-स्थापत्याचे विवेचन बहुधा पेशवाईतील वाड्यास प्रमाण मानून केले जाते. 1732 साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा हा आदर्श. आणि दिंडी, देवडी, चौक, सोपा, माजघर, दिवाणखाना ही परिभाषा. या मापाने मूल परिसरातील मालगुजारी वाडे पाहिले म्हणजे ते त्या आदर्शाची खेड्यात उतरलेली, कमअस्सल प्रत ठरतात. हा निष्कर्ष मात्र वास्तूवरून निघत नाही, परिभाषेवरून निघतो.

पश्चिमेकडील प्रभाव मुळीच नाही, असे नव्हे. 1751 मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले व शतकभर त्यांचा अंमल राहिला. तथापि मालगुजार ही संस्था निराळी होय. 'मालगुजार' म्हणजे सारा भरणारा. इंग्रजी अमलातील जमाबंदीने (चांद्यासंबंधी लूसी स्मिथचा अहवाल 1869 चा आहे) त्यास गावावर मालकी हक्क मिळाला. गावचा वसूल त्याने गोळा करावयाचा, घरच्या सीर जमिनीचे धान साठवावयाचे, तलावाचे पाणी राखावयाचे. अशा माणसाचे घर निवासस्थान होते तितकेच ते कोठारही होते आणि कचेरीही.

हे त्या घराच्या शब्दांतच नोंदलेले आहे. पुढील बाजूस 'सपरी', मागे 'सांदवाडी', धान्य साठवावयास बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली 'ढोली', खळ्यावर धानाचे 'पुंजणे'. छपरावर कौले नसून 'कवेलू' असतात, आणि हा शब्द मध्य प्रदेशातील हिंदीसही परिचित आहे. कोरड्या पठारावरील माळवद येथल्या पावसात टिकणे कठीण; म्हणून उतरते छप्पर, आणि पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचे काम. 'सपरी'स 'सोपा' म्हणून नोंदविले की शब्द बदलला एवढेच होत नाही. ते घर ज्या मुलखाशी जोडलेले आहे तो मुलूखच नोंदीतून गळतो.

खुद्द 'वाडा' हा शब्दही येथे साक्ष देतो. त्याच्या मुळाशी संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा, आहे. मराठीत मोठे घर तो वाडा आणि गुरे कोंडण्याची जागा तीही वाडाच. पेशवाई वाड्याच्या वर्णनात पहिला अर्थ पुरतो. मालगुजारी वाड्यास दोन्ही अर्थ एकाच वेळी लागतात. त्याचा अर्थ दर्शनी भागापेक्षा आवारात अधिक आहे.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. वेल्समधील रेक्सहॅमजवळचे एर्डिग हे जमीनदारी घर 1684 मध्ये बांधावयास घेतले गेले. 1973 मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आले. तेथे येणाऱ्यास प्रथम भव्य दर्शनी दालने न दाखविता सुतारशाळा, तबेले इत्यादींच्या आवारातून आत नेण्याची प्रथा ठेवण्यात आली. नोकरचाकरांची चित्रेही त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती. घर मागील अंगणाकडून वाचावयाचे, ही दृष्टी तेथे स्वीकारली गेली.

मूलकडे ही दृष्टी अधिकच निकडीची आहे. मालकी हक्क नष्ट करणाऱ्या 1950 च्या कायद्यानुसार ते हक्क 31 मार्च 1951 पासून सरकारकडे गेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे जाऊन 'माजी मालगुजारी' म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या कामासाठी कोठार, गोठा व सांदवाडी होती ते कामच उरले नाही. अशा वास्तूत दर्शनी दरवाजा, नक्षीचे सागवानी खांब यांना पाहणारा व नोंदणारा मिळतो. मागील भाग मात्र निरुपयोगी म्हणून आधी पाडला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याची नावेही जातात.

म्हणून या वाड्यांच्या पाहणीत आराखड्याबरोबर शब्दसूचीही हवी. आणि ती केवळ मालकाच्या वारसाकडून न घेता, कवेलू फेरणाऱ्याकडून, धान चुरणाऱ्याकडून, गुरे राखणाऱ्याकडून घ्यावयास हवी. प्रमाण शब्द कंसात द्यावा. मूळ नोंद झाडीबोलीतलीच असावी. तसे झाले नाही तर पुढील अभ्यासकास पुण्याच्या वाड्याची एक फिकी छाया तेवढी दिसेल, आणि ती छाया आपल्याच परिभाषेची आहे हे त्यास कळावयास मार्ग राहणार नाही.