आधी कुणाला वाचवायचं? एका सूत्राची उलटतपासणी

वन्यजीव संवर्धनाच्या फंडिंगवर काम करायचं डोक्यात असेल, तर 2009 चा एक पेपर तुम्हाला टाळता येणार नाही. लियाना जोसेफ, रिचर्ड मलोनी आणि ह्यू पॉसिंगहॅम यांचा, ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकातला. प्रश्न सरळ आहे. न्यूझीलंडमध्ये धोक्यातल्या प्रजाती खूप, पैसे कमी. मग आधी कुणाला द्यायचे? जुनी रीत अशी की जी सगळ्यात धोक्यात, ती यादीत वर. नाहीतर जी लोकांची लाडकी, ती.

हे तिघं म्हणतात, खर्चही बघा आणि यश मिळेल का तेही बघा. प्रजातीचं महत्त्व, प्रकल्पाचा लाभ आणि यशाची शक्यता यांचा गुणाकार करायचा, त्याला खर्चाने भागायचं. लाभ म्हणजे प्रकल्प केल्यावर प्रजाती तगण्याची शक्यता वजा न केल्यावरची. न्यूझीलंडच्या 32 प्रजातींवर हे लावून त्यांनी दाखवलं की यातला एखादा घटक सोडला तर तेवढ्याच पैशांत कमी साध्य होतं.

आकडे घालून बघा (हे माझे, नुसते समजण्यापुरते, महत्त्व दोघींचं सारखं धरू). पहिली प्रजाती: लाभ 0.8, यशाची शक्यता 0.2, खर्च 10 लाख. दुसरी: लाभ 0.4, शक्यता 0.8, खर्च 4 लाख. पहिलीला 0.016 गुण, दुसरीला 0.08. पहिली पाचपट मागे, म्हणजे बहुधा पैशांविना. आता पहिलीची शक्यता 0.2 ऐवजी 0.9 लिहा. गुण 0.072, जवळजवळ बरोबरी! खर्चाचा आकडा निदान हिशेबातून काढता येतो. हा 0.2 मात्र तज्ज्ञांच्या अंदाजातून येतो, आणि माझ्या मते पेपरची सगळ्यात नाजूक जागा हीच.

त्याच देशातलं उदाहरण घ्या. चॅटम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन. 1980 मध्ये जगात पाच पक्षी उरले होते आणि पिल्लं वाढवू शकणारी मादी एकच, ‘ओल्ड ब्लू’. डॉन मर्टन आणि सहकाऱ्यांनी तिची अंडी काढून टॉमटिट या दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात वाढवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल. आज अडीचशेच्या घरात पक्षी आहेत, सगळे तिचे वंशज. तेव्हा कुणाला यशाची शक्यता विचारली असती तर किती सांगितली असती? पण इथे घसरू नका. अशाच पणाला लावलेल्या आणि हरलेल्या प्रयत्नांच्या गोष्टी कुणी सांगत बसत नाही. एका रॉबिनवरून सूत्र चूक ठरत नाही. एवढंच दिसतं की शक्यता आधीपासून ठरलेली नसते. कामाची पद्धत सापडली की तीही बदलते.

कधी ती एखाद्या आदेशानेही बदलते. आपला माळढोक उच्चदाबाच्या वीजतारांना धडकून मरतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला, 2024 मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. पक्षी तोच, माळरान तेच, पण यशाचा आकडा दोन्ही वेळा वेगळा निघेल. सूत्रात मात्र तो प्रजातीच्या नावापुढे लिहिला जातो, जणू पक्ष्यातच काही खोट आहे. एकूण पैसेही दिलेलेच धरले जातात. ते इतके कमी का, हे विचारायला त्यात जागा नाही.

तरी मी या पेपरच्या बाजूने आहे. निवड तशीही होतेच, फक्त बंद खोलीत. इथे निदान कुठल्या आकड्याशी भांडायचं ते कळतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनेही ही पद्धत उचलली आहे. तेव्हा असा एखादा अभ्यास हातात आला की गुणांच्या तक्त्याआधी यशाचे आकडे कुणी दिले ते शोधा: किती जणांनी, एकमेकांचे बघून की स्वतंत्रपणे? मग ते थोडे खालीवर करून यादी पुन्हा लावा, आणि तळाच्या प्रजातींपैकी किती वर येतात ते मोजा.