टार्बेलबाईंचे तेलपुराण

मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांचे तुकडे करावेत काय, या वादात जो तो कायद्याचा दाखला देतो. मला मात्र एक जुने पुस्तक आठवते. आयडा टार्बेल या अमेरिकन लेखिकेचा स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास १९०२ पासून 'मॅक्लुअर्स' मासिकात क्रमशः आला आणि १९०४ साली दोन खंडांत निघाला. फराळाच्या ताटाशेजारी तेलाचा इतिहास कोण घेऊन बसणार, असे कुणी म्हणेल. पण त्यातले १८७२ च्या कराराचे प्रकरण वाचायला घ्यावे, चकली हातातच राहते!

रॉकफेलर प्रभृतींनी रेल्वे-कंपन्यांशी गुप्त संधान बांधले. आपल्या तेलाला भाड्यात सूट, हे एक वेळ समजू शकते. पण प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातूनही यांनाच वाटा! शिवाय कोणी, कुठे, किती तेल धाडले याचे कागद यांच्या टेबलावर. बोभाटा होऊन करार मोडला खरा. तोवर क्लीव्हलंडमधले बहुतेक कारखाने रॉकफेलरच्या खिशात गेले होते. आज अ‍ॅमेझॉनच्या बाजारात माल मांडणारा व्यापारी मालकाला कमिशन देतो, त्याचा खप मालकाला दिसतो, आणि मालक स्वतःही दुकान थाटून बसलेला असतो. बाईंना हे नवे वाटले नसते.

बाईंचे वडील याच धंद्यातले. जखम घरची होती. तरीही कंपनीच्या न्याय्य थोरवीवर त्यांनी एक सबंध प्रकरण खर्ची घातले आहे. ग्रंथाचा कस मला तिथे दिसतो. १९०५ मध्ये रॉकफेलरचे व्यक्तिचित्र लिहिताना मात्र त्या त्याच्या चेहऱ्यामोहऱ्यावर घसरल्या. ते लिहिले नसते तर बरे झाले असते.

१९११ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे ३४ तुकडे केले. गंमत अशी की, तुकड्यांचे शेअर चढले आणि रॉकफेलर अधिकच गबर झाला. त्यांतल्याच दोन शाखांच्या वारसदार एक्सॉन आणि मोबिल १९९९ मध्ये पुन्हा एक झाल्या. म्हणून तुकडे व्यर्थ, असे मी म्हणत नाही. पण करवत कुठे चालवायची ते पाहावे. माझ्या मते बाजार आणि दुकान यांच्यामधून.

गूगलने शोधयंत्राची मक्तेदारी बेकायदा राखली, असा निर्णय न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ मध्ये दिला. २०२५ मध्ये क्रोम विकायला लावण्यास मात्र नकार दिला. त्याऐवजी, शोधाची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा हुकूम केला. म्हणजे पुन्हा ते टेबलावरचे कागदच. फक्त या वेळी उलट दिशेने जाणारे.