अल्लाहाचे अरण्य : एका मूक चित्रमालिकेची घडण

चित्रपटाविषयी साहित्याच्या अंगाने लिहिणारा समीक्षक बहुधा कथेपासून आरंभ करतो. आधी कथा, मग पात्रे, मग ती पडद्यावर आणण्याची साधने, हा क्रम त्याला स्वाभाविक वाटतो. ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ या अमेरिकन मूक चित्रमालिकेच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा लावल्यावाचून तिचे मर्म हाती येत नाही. तेथे सिंह, बिबटे आणि हत्ती आधी होते. कथा मागाहून आली.

शिकागोच्या सेलिग पॉलिस्कोप कंपनीची ही तेरा भागांची मालिका २९ डिसेंबर १९१३ पासून प्रदर्शित होऊ लागली. वन्य पशू पकडून विकणाऱ्या कर्नल हेअरची कन्या कॅथलिन बापाच्या शोधार्थ कॅलिफोर्नियातून हिंदुस्थानातील ‘अल्लाहा’ नामक संस्थानात येते. तिच्या इच्छेविरुद्ध तिला राणी केले जाते, आणि उंबल्ला नावाच्या कपटी सरदाराशी विवाह नाकारल्याबद्दल तिला श्वापदांपुढे लोटले जाते. अशा कथेतील चुका मोजणे भारतीय वाचकाला मुळीच अवघड नाही. परंतु त्या मोजून मालिका निकालात काढली, तर या चुका अशाच का झाल्या, हा खरा प्रश्न शिल्लकच राहतो. लेखकाचे अज्ञान हे त्याचे उत्तर असेल. पण ते फार तर निम्मे उत्तर आहे.

उरलेले उत्तर १९०९ साली सापडते. त्या वर्षी अध्यक्षपदावरून उतरलेले थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी आफ्रिकेला निघाले. त्यांच्यासोबत आपला छायाचित्रक धाडावा, हा विल्यम सेलिगचा मनसुबा सिद्धीस गेला नाही. तेव्हा त्याने एक म्हातारा सिंह विकत घेतला, शिकागोतील आपल्या चित्रशाळेतच आफ्रिकेचे रान उभारले, रूझवेल्टसारखा दिसणारा नट मिळविला आणि कॅमेऱ्यासमोर त्या सिंहाला खरोखरच गोळी घातली. रूझवेल्टने सिंह मारल्याची वार्ता येताच ‘हंटिंग बिग गेम इन आफ्रिका’ हा चित्रपट बाजारात आला. त्यात रूझवेल्टचे नाव कोठेही नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. पुढे रूझवेल्टच्या प्रवासाचा खरा चित्रपट आला, तो लोकांना त्यामानाने फिका वाटला. सेलिगने यावरून जो धडा घ्यावयाचा तो घेतला. त्याने प्राणी जमविण्यास आरंभ केला. लॉस एंजेलिस येथे त्याचा जो पशुसंग्रह वाढत गेला, तो १९१५ मध्ये सार्वजनिक प्राणिसंग्रहालय म्हणून खुला झाला, आणि त्यात पशुपक्ष्यांची संख्या शेकड्यांनी होती.

आता, पिंजऱ्यातला पशू काम असो वा नसो, रोज खातो. रंगविलेला पडदा गुंडाळून ठेवता येतो, वाघ ठेवता येत नाही. म्हणून त्याला वारंवार कामास लावील असे कथानक निर्मात्याला हवे असते. ‘कॅथलिन’च्या भागांची शीर्षके पाहावी : नकोसे सिंहासन, दोन दिव्ये, सिंहाच्या मंदिरात, राजदासी, वधूंची बाग, मृत्यूचा दरबार. ही कथेची प्रकरणे आहेत खरी, पण यांतील कित्येक ठिकाणी पिंजऱ्यांच्या यादीचाच भास होतो. सिंह हिंदुस्थानात नाहीत असे नव्हे. गीरचे रान आहेच. परंतु सिंह, वाघ, बिबटे आणि हत्ती एका राजवाड्याच्या कोसभर परिघात पाळीपाळीने हजर होतात, ते अरण्यात घडत नाही, संग्रहालयात घडते. अल्लाहाचा नकाशा म्हणजे सेलिगच्या आवाराचा नकाशा होय. गिल्सन विलेट्स याने कथा रचली आणि फ्रान्सिस ग्रँडन याने दिग्दर्शन केले; पण त्या दोघांच्या आधी खाटकाच्या बिलाने बरेच काही ठरवून टाकले होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मालिकेचे रूपही असेच बाहेरून आले. शिकागोत त्या वेळी वृत्तपत्रांमध्ये खपासाठी तीव्र स्पर्धा होती. ‘शिकागो ट्रिब्यून’ने सेलिगशी करार केला : चित्रगृहात भाग दिसावा आणि त्याच कथेचा हॅरल्ड मॅकग्राथ याने लिहिलेला मजकूर वृत्तपत्रात यावा. पहिला भाग तीन रिळांचा, पुढचे बारा दोन-दोन रिळांचे, दर पंधरवड्यास एक. १९१२ साली एडिसन कंपनीने ‘व्हॉट हॅपन्ड टू मेरी’ ही मालिका एका मासिकाच्या जोडीने काढली होती, पण तिचा प्रत्येक भाग स्वयंपूर्ण होता. ‘कॅथलिन’ने भाग संकटातच तोडण्याची युक्ती वापरली. ट्रिब्यूनचा खप वाढला, आणि १९१४ मध्येच ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’ ही पाथेची मालिका याच वाटेने निघाली.

क्रमशः वाचण्याची सवय मराठी वाचकाला नवी नव्हती. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तेव्हा यमूचे पुढे काय होणार या विवंचनेत वाचक आठवडा काढीत. पण तेथील थांबा जीवनाच्या गतीने येतो. यमू आठवड्याआठवड्याने वाढते, सोसते, बदलते. कॅथलिन बदलत नाही. तिच्यावर तेरा वेळा संकट येते आणि तेरा वेळा ती जशी होती तशी बाहेर पडते, कारण पुढच्या पंधरवड्याला ती नवीकोरी लागणार असते. त्याच १९१३ साली मुंबईत फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. त्यातही रान आहे, मृगया आहे. परंतु प्रेक्षकाला शेवट ठाऊक आहे आणि त्याचा आनंद त्या ठाऊक असण्यावरच उभा आहे. सेलिगचा सारा व्यापार शेवट ठाऊक नसण्यावर उभा होता. दोन्ही चित्रपट एकाच वर्षातले, पण कालाविषयीची त्यांची धारणा इतकी भिन्न आहे की एकाच कलेच्या इतिहासात त्यांना शेजारी बसविताना संकोच वाटावा.

तरीही या मालिकेत एक गोष्ट अस्सल होती, आणि तिच्यासाठीच ती पाहिली गेली. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याने ‘व्हेअर नो व्हल्चर्स फ्लाय’ (१९५१) या इंग्रजी चित्रपटातील एका प्रसंगाचे विवेचन केले आहे. लहान मूल सिंहिणीचा छावा उचलून आणते, सिंहीण मागे येते. मूल आणि सिंहीण वेगवेगळ्या चित्रांत दिसतात तोवर तो केवळ हिकमतीचा खेळ वाटतो. दोघे एका चौकटीत आली की प्रेक्षकाचा श्वास अडखळतो. संकटाचे सत्य तुकडे जोडून सिद्ध होत नाही, ते एकाच अवकाशात घडलेले दिसावे लागते, हा बाझँचा सिद्धान्त ‘कॅथलिन’ला चपखल लागू पडतो. कॅथलिन विल्यम्स ही नटी पशूंच्या निकट वावरत असे. १९११ च्या ‘लॉस्ट इन द जंगल’मध्ये तिला बिबट्याने जखमी केले होते, आणि १९१४ मध्ये ‘द लेपर्ड्स फाउंडलिंग’ हा चित्रपट तिने स्वतः दिग्दर्शित केला. संस्थान खोटे, धर्म खोटा, पोशाख खोटा, परंतु स्त्री आणि श्वापद यांमधले चार हातांचे अंतर खरे. सारे खोटे या एका खऱ्याच्या आधाराने खपले. खपवून घेणारा प्रेक्षक मूर्ख होता असे समजण्याचे कारण नाही. आपण कशासाठी पैसे मोजीत आहोत हे त्याला नेमके कळत होते.

मालिकेचा बहुतेक भाग आज नष्ट झाला आहे. म्हणजे जे अस्सल होते तेच गेले. उरली ती मॅकग्राथची कादंबरी, १९१४ साली चित्रपटातील छायाचित्रांसह छापलेली. भाषेचा विचार करणाऱ्याने या कादंबरीतील नावांपाशी थांबावे. हिंदू राजाच्या संस्थानाला ‘अल्लाहा’ हे नाव आहे. खलनायक दुर्गाराम, पण त्याला सारे ओळखतात ते उंबल्ला म्हणून, आणि उंबल्ला म्हणजे किपलिंगच्या ‘किम’मध्येही येणारे अंबाला शहर. येथवर हसून सोडून द्यावे. परंतु नायिकेला साहाय्य करणारा जो सज्जन देशी पुरुष आहे, त्याचे नाव रमाबाई. आणि त्याच्या पत्नीचे नाव पंडिता.

हा योगायोग मानणे कठीण आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघाले, आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्यांचे नाव तिकडे पाव शतकभर घरोघरच्या कानांवर पडत राहिले. कथा रचणाऱ्याला एक देशी दांपत्य हवे होते, आणि हाताशी दोन शब्दांचे एक देशी नाव होते. त्याने ते मधोमध कापले. विद्वत्तेची पदवी पत्नीचे पाळण्यातले नाव झाली, आणि ‘बाई’ हा स्त्रीवाचक शब्द पुरुषाला चिकटला. ज्या विदुषीने हिंदू स्त्रीला नवऱ्यावाचून उभे राहता यावे यासाठी ते पुस्तक लिहिले, तिच्याच नावातून एक नवरा काढण्यात आला. सिंह कोठून आणला, याचा हिशेब सेलिगच्या वहीत असणार, कारण सिंहाला पैसे पडतात. नाव फुकट मिळते.

मालिका पडद्यावर होती त्या काळात पंडिता रमाबाई हयात होत्या. केडगावी मुक्तिसदनात त्या हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात गढलेल्या होत्या.