दारावरची थाप आणि साबणाची वडी

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर मोती साबणाच्या जाहिरातीवरचा विनोद येतोच. जाहिरात सगळ्यांना पाठ आहे. एक आजोबा पहाटेच्या अंधारात शेजाऱ्यांची दारं वाजवत अभ्यंगस्नानासाठी सगळ्यांना उठवतात. ती भूमिका करणारे विद्याधर करमरकर २०२० मध्ये गेले, तेव्हा बातम्यांनीही त्यांना 'अलार्म काका' म्हणूनच निरोप दिला. साबण विकणाऱ्या माणसाला लोकांनी काका का केलं असेल?

मला वाटतं, उत्तर त्या थापेत आहे. नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत आंघोळ करायची, तर घरात कुणीतरी आधी उठावं लागतं. पाणी तापवायचं, तेल कोमट करायचं, पोरांना हाका मारायच्या. जो आधी उठतो, त्याला त्या दिवशी दुसऱ्याची झोप मोडायचा हक्क मिळतो. आज फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं दार वाजवण्याआधी आपण मेसेज करतो. जाहिरातीने तो जुना हक्क अर्ध्या मिनिटासाठी परत दिला आणि साबण त्याच्या मागोमाग घरात शिरला. मोती मुळात टाटा ऑइल मिल्सचा. नव्वदच्या दशकात ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. मालक बदलला, पण साबणाची पहाट बदलली नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ॲपवरून सणाच्या शुभेच्छा कशा जातात, ते रोज बघतो. मजकूर एकच असतो, फक्त सणाच्या नावाची जागा रिकामी ठेवलेली असते. संक्रांत आली की तिथे संक्रांत, पाडवा आला की पाडवा. यावरून जाहिरात तपासायची एक सोपी कसोटी सुचते: सणाचं नाव बदलून बघा. गोष्ट तशीच चालली, तर तिला माणसं कळलेली नाहीत. नथ, पैठणी, ढोल-ताशा आणि डोळे पुसणारी आई घेऊन केलेल्या बहुतेक मराठी जाहिराती कुठल्याही सणाला चालतात. अलार्म काका गुढीपाडव्याला दार वाजवू शकत नाहीत. १९५२ साली सुरू झालेल्या विकोने आपलं हळदीचं क्रीम लग्नातल्या हळदीशी जोडलं, तेही असंच जागचं हलत नाही.

पण या कसोटीला उतरलेल्या जाहिरातीलाही एक मर्यादा असते. काकांची पहाट जिने आणि शेजारच्या दारांची आहे. आमच्या निलंग्याकडच्या दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. त्या तिथे दिसल्या नाहीत, याची तक्रार नाही. अर्ध्या मिनिटात किती मावणार? अडचण पुढे होते. एका इमारतीची सकाळ गाजली की तीच 'मराठी कुटुंब' म्हणून पुढच्या दहा जाहिरातींत फिरते.

उद्या एखादा ब्रँड आमच्या येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, आला तर काय दाखवेल? ड्रोनमधून हिरवी ज्वारी, कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, मडक्यातली आंबील, भज्जी आणि उंडे. सगळं खरं असेल, तरी येळवस निसटेल. त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण ज्याला शेत नाही त्यालाही कुणाचं तरी आवतन असतं. शेत नसलेल्याच्या घरी सकाळपासून एकच प्रश्न असतो: आज कुणाच्या शेतात जायचं? आणि शेतवाल्याला घोर असतो की आपल्या कोपीवर पंगत कमी पडू नये. ज्याला हे दिसेल, त्याला गोष्ट सापडली.

ती सापडावी, असं मला मनापासून वाटतं का? इथे मी अडखळतो. ब्रँडला आवतनातला हा घोर कळला, तर जाहिरात चांगली होईल. कदाचित इतकी चांगली, की लातूरबाहेरच्यांना येळवस तिच्यातूनच माहीत होईल आणि हळूहळू आम्हालाही ती तशीच आठवायला लागेल. दिवाळीच्या पहाटे आजी मला काय म्हणून उठवायची, हे मी परवा आठवून बघत होतो. तिचे शब्द आठवले नाहीत. आठवली ती काकांची थाप. यात दोष जाहिरातीचा नाही, आजीचे शब्द जपायचं काम माझं होतं. म्हणून यंदा येळवसेला कोपीवर कुणाला काय म्हणून बोलावलं, ते मी आईला विचारून लिहून ठेवणार आहे.