लाटण्याचा ताळेबंद

माझ्या डोक्यात आजपर्यंत एकदाही लाटणं बसलेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या वाचकांना ते खरं वाटणार नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण गेल्या पंधरा वर्षांत दिवाळी अंकांसाठी मी ज्या विनोदी कथा लिहिल्या, त्यांतल्या अकरा कथांचा नायक शेवटच्या ओळीत बायकोच्या लाटण्याचा प्रसाद खाऊन डोकं चोळत बसलेला आहे. नायक बँकेत कारकून, नायकाला चष्मा, नायकाला टक्कल पडायला लागलेलं. आता एवढ्यावरून आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी काय तो अर्थ काढला, तर त्यांचा तरी काय दोष?

बाराव्या कथेचे कागद मी ओट्यावर विसरलो आणि घोटाळा झाला. सौ. पोळ्या लाटत होती. पिठाच्या बोटांनी पान उलटत तिने कथा वाचली आणि अगदी शांतपणे विचारलं, "अहो, मी कधी मारलंय तुम्हाला?"

"छे, छे! अगं, विनोद आहे तो."

"तेच म्हणते मी. मी एकदाही मारलं नाही, तर मग ही अकरा वेळा कोण मारतंय?"

बँकेत एखाद्याच्या खात्याला अकरा वेळा रक्कम नावे पडली आणि एकाही नोंदीला व्हाउचर नसलं, तर इन्स्पेक्शन लागतं. मी कॉमर्सचा पदवीधर. साहित्याची समीक्षा आपल्याला जमणार नाही हे मला ठाऊक आहे, पण हिशेब तपासता येतो. म्हणून मी आपल्या विनोदी वाङ्मयातल्या लाटण्याचे हिशेब तपासायला घेतले. आक्षेप पुढीलप्रमाणे.

पहिला आक्षेप : माल तोच नाही. आपल्या व्यंगचित्रांतली बाई दाराआड जे घेऊन उभी असते, ते लाटणं नव्हेच. मधे जाडजूड रूळ आणि दोन्ही टोकांना धरायला मुठी. वाचकहो, आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. आपलं लाटणं हातभर लांब, मधे थोडं फुगीर, टोकांना निमुळतं. पापडाचं असलं तर त्याला खाचा. आमच्या घरातलं मी वजनकाट्यावर ठेवलं, १७० ग्रॅम भरलं. या ऐवजाने झुरळ जेमतेम मरतं, आणि सौ. म्हणते की झुरळ मारलेल्या लाटण्याने ती पोळ्या लाटणार नाही. खरोखर मारायचंच असेल तर त्याच ओट्याखाली पाट्यावर वरवंटा असायचा. पण वरवंटा घेतलेली बाई मी एकाही विनोदी कथेत वाचली नाही. वरवंट्याने कथा एकाच अंकात संपते. लाटणं लेखकाने निवडलंय ते याचसाठी, की नवऱ्याला टेंगूळ यावं आणि पुढच्या दिवाळीला तो पुन्हा धडधाकट हजर व्हावा.

दुसरा आक्षेप : माल आयात केलेला, पण सोबतची कागदपत्रं वाटेत गहाळ. तो मुठींचा रूळ गाजला अमेरिकेत. जॉर्ज मॅकमॅनस यांनी १९१३ साली 'ब्रिंगिंग अप फादर' ही चित्रमालिका सुरू केली. ती २००० सालापर्यंत चालली. त्यातला जिग्ज मूळचा गवंडीकाम करणारा आयरिश माणूस. लॉटरी लागते आणि घर एकदम श्रीमंत होतं. बायकोला, म्हणजे मॅगीला, आता बड्या लोकांत उठबस करायची असते. जिग्जला मात्र जुन्या दोस्तांबरोबर बसून खारवलेलं गोमांस आणि कोबी खायची ओढ. तो गुपचूप सटकतो, परत येतो आणि मॅगीचा रूळ भिरभिरत येतो.

यात गंमत नुसती मारण्यात नाही. मॅगीच्या घरात आता झुंबरं आहेत, नोकर आहेत. तिला स्वतःला काही लाटायची गरजच उरलेली नाही. तरी राग आला की तिच्या हातात येतं ते गरिबीतल्या स्वयंपाकघराचं हत्यार. नवऱ्याला मोठा माणूस करायला निघालेली बाई हात उचलते आणि तीच पुन्हा जुन्या वस्तीत जाऊन उभी राहते. मला हा विनोद चांगला वाटतो, कारण त्याला कारण आहे. आम्ही इकडे रूळ तेवढा उचलला आणि कारण तिकडेच ठेवलं. माझ्या अकरा कथांतली बायको का मारते? नवरा उशिरा आला म्हणून. नवरा का उशिरा आला? कथा लिहायची होती म्हणून.

दारू पिऊन उशिरा येणारा नवरा हवा असेल तर तो इंग्लंडात आहे. रेग स्माइथ यांचा अँडी कॅप १९५७ साली 'डेली मिरर'मध्ये आला. डोळ्यांवर ओढलेली टोपी, कामधंदा नाही आणि दाराआड रूळ घेतलेली बायको फ्लो. पण त्या मालिकेची सुरुवातीची वर्षं पाहिली की दिसतं, तिथे अँडीही फ्लोला मारत असे आणि त्यावरही हसणं अपेक्षित होतं. पुढे काळ बदलला, ती मारहाण बंद झाली आणि जोडपं समुपदेशकाकडे जाऊन बसू लागलं. काही म्हणा, त्या चित्रकाराने सुरुवातीला का होईना, हिशेबाच्या दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. आम्ही एकच लिहिली.

कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत स्वयंपाकघरातलं हत्यार कुठे होतं? होतं की! बलरामाच्या हातात नांगराबरोबर मुसळ आहे. महाभारतातलं सोळावं पर्व तर मुसळाच्याच नावाने आहे. यादवांचा संहार त्यात झाला. म्हणजे कांडणाची वस्तू आपल्याकडे हत्यार झाली ती पुरुषांच्या हातात. पुराणांनी ती मोकळेपणाने मांडली, विनोदी लेखकांनी तेवढी बाईच्या हातात दिली.

आता तिसरा आणि मुख्य आक्षेप. तो माझ्याच काउंटरवरचा आहे.

एका सोमवारी आमचे एक नेहमीचे खातेदार डोक्याला पट्टी बांधून आले. स्कूटरवरून पडले होते. मी पासबुक हातात घेत म्हणालो, "काय हो, वहिनींनी लाटणं घेतलं वाटतं?" सगळी रांग हसली. तेही हसले. माझ्या विनोदाचं शाखेत नाव आहे.

त्याच आठवड्यात, बहुधा गुरुवारी, एक बाई आल्या. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. त्यांना स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं उघडायचं होतं आणि पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर नको होता. मी फॉर्म दिला. मी काही विचारलं नसताना त्या म्हणाल्या, "दारावर आपटले." मी "हं" म्हणालो. सही कुठे करायची ते दाखवलं. रांगेत कोणी हसलं नाही, कोणी काही बोललंही नाही. पट्टीवाल्यासाठी माझ्याजवळ विनोद तयार होता. या बाईंसाठी एक साधं वाक्य तयार नव्हतं.

दुहेरी नोंदीची पद्धत सांगते की जितकं नावे, तितकं जमा असलं पाहिजे. आपल्या विनोदी वाङ्मयात नवऱ्याने खाल्लेला मार वर्षानुवर्षं लिहिला गेला. त्यासमोरचं पान मी कोरं ठेवलं. इतकंच नाही, तर जी रक्कम एका बाजूची, ती उचलून दुसऱ्या बाजूला दाखवली. बँकेत याला खोटी नोंद म्हणतात. दंडविधानात १९८३ साली कलम ४९८-अ आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा झाला. हे कायदे करणाऱ्यांनी आमचे दिवाळी अंक वाचून ते केले नसावेत. विनोदावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. माझं पोट बँकेवर असलं तरी हौस त्याच्यावर आहे. माझं म्हणणं इतकंच, की हसून हसून आपली अशी समजूत होते की घरोघरी मार खातो तो नवराच.

लाटण्याच्या खऱ्या पराक्रमाबद्दल विचाराल तर त्याची नोंद आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. ८० रुपयांच्या कर्जाची इतकी चोख वसुली मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही.

दुसरी नोंद आमच्या घरातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आमची आई तेव्हा नवी सून, गोरेगावच्या चाळीत राहायची. ही हकीकत मी तिला या इन्स्पेक्शनच्या निमित्ताने पहिल्यांदा विचारली.

"सासूबाईंना सांगितलं, दळण आणायला जाते," आई म्हणाली. "आणि गेले मोर्चाला. इतकं वाजवलं, इतकं वाजवलं, की घरी आल्यावर कळलं, ताटाला पोचे पडलेत. सासूबाई काय म्हणतील, या भीतीने रात्रभर झोप नाही."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पुढच्या वेळी जुनं ताट ने. आणि मलाही हाक मार."

बारावी कथा मी संपादकांकडे पाठवली नाही. 'नेहमीसारखं खुसखुशीत काहीतरी' असा त्यांचा निरोप आहे. त्यांना हा लेख पाठवतो आहे. त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या, पैसे भरायला. या वेळी मी "ताई, बऱ्या आहात ना?" एवढं विचारलं. त्या थोडं थांबल्या आणि "हो" म्हणाल्या. वाक्य तसं अवघड नव्हतं.

आईचं ते पोचे पडलेलं ताट अजून आमच्याकडे आहे. आमच्या घरात लाटण्याचा मार खाल्लेलं तेवढं एकच. रोज रात्री मला ते वाढून येतं आणि आमटी बरोबर त्या पोच्यात जाऊन बसते.