आत्मकथन आणि दुसऱ्याची झांकली मूठ

सांप्रत मराठींत आत्मपर लेखनाचा सुकाळ झाला आहे. स्वतःचीं मतें, आवडीनिवडी, दुखणींबाणीं, घरांतील कुरबुरी हें सर्व वाचकापुढें मांडण्यास लेखकांस संकोच वाटेनासा झाला आहे. या मोकळेपणाबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु मत आणि खासगी गोष्ट यांत एक भेद आहे व तो पुष्कळदां विसरला जातो. मत हें लेखकाच्या एकट्याच्या मालकीचें असतें. खासगी गोष्ट बहुधा सामाइक असते. नवरा, सासू, भाऊ, शेजारी हे सारे तिच्यांतले हिस्सेदार. लेखणी मात्र एकाच्याच हातीं!

आमच्या जुन्या लेखिकांनीं हा भेद उत्तम ओळखला होता. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं निघालेल्या पुस्तकाचें नांवच 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' असें आहे. 'आमच्या' या शब्दांत सामाइकपणाची कबुली आहे आणि 'कांहीं' या शब्दांत निवडीची. तरीही शिकण्यापायीं घरांतील बायकांकडून झालेला जाच त्यांनीं लपविला नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' (१९३४–३६) याहून धीट आहेत. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, त्यांचा शीघ्र कोप, पैशाविषयींची बेफिकिरी, हें सारें त्यांत आहे. परंतु त्याच लेखणीनें लक्ष्मीबाई आपल्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाचीही थट्टा करितात. म्हणून वाचकाच्या मनांत टिळकांविषयीं राग उरत नाहीं. दोघांविषयींही माया उत्पन्न होते.

कोणी म्हणेल कीं, हीं पुस्तकें निघालीं तेव्हां न्यायमूर्ति रानडे व टिळक हयात नव्हते. खरें आहे. अवघड प्रश्न हिस्सेदार हयात असतांनाच उभा राहतो. सुनीताबाई देशपांडे यांचें 'आहे मनोहर तरी' १९९० सालीं प्रसिद्ध झालें तेव्हां पु. ल. देशपांडे हयात होते आणि महाराष्ट्राचे लाडकेही होते. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली, हा अशा लेखनावर नेहमींचा आक्षेप. तो आम्हांस मान्य नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी. परंतु ती झांकून ठेवण्याचा भार घरांत बहुधा एकाच माणसाला, आणि तेंही बाईलाच, सोसावा लागतो. शिवाय सुनीताबाई स्वतःलाही तितक्याच कठोरपणें तपासतात.

तेव्हां गुप्तता मोडली कीं नाहीं, हा प्रश्न गौण होय. ती मोडतांना लेखकानें स्वतःचें काय पणाला लावलें, हा मुख्य. ज्या पुस्तकांत इतर सर्व उघडे पडतात आणि लेखक तेवढा नीटनेटका राहतो, तें आत्मकथन नव्हे, एकतर्फी फिर्याद होय. उलट, ना. सी. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' (१९३३) नंतर लघुनिबंधाचीं जीं अनुकरणें झालीं, त्यांपैकीं पुष्कळांत कोणाचेंच कांहीं पणाला लागत नाहीं. लेखकाची आवडनिवड कळते, लेखक कळत नाहीं.

आत्मपर लिहिणाऱ्यानें छापण्यापूर्वीं एवढेंच पाहावें. ज्याच्याविषयीं लिहिलें तो माणूस वाचून रागावेल, याचें भय बाळगूं नये. परंतु 'हें खोटें आहे' किंवा 'तूं आपलें तेवढें वगळलेंस' असें म्हणण्यास त्याला जागा राहूं नये.