'द चॉकलेट वॉर' : शाळेची रूढी आणि एका मुलाचा नकार

कॅथलिक शाळेविषयी इतके कटू लिहिलेले पुस्तक कॅथलिक घरात मुलांना वाचू द्यावे काय, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका पालकांनी आम्हांला मध्यंतरी विचारला. त्यांचा नववीतला मुलगा ते इंग्रजी पुस्तक कोठूनसा घेऊन आला होता. वडिलांनी चाळले, दहाएक पाने वाचली आणि कपाटात कुलूपबंद करून टाकले. पुस्तक होते रॉबर्ट कॉर्मियर यांची 'द चॉकलेट वॉर' ही १९७४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. आम्ही ती पूर्वी एकदा घाईने वाचली होती. या प्रश्नाच्या निमित्ताने पुन्हा सावकाश वाचली. त्या पालकांना तोंडी दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हे लेखन.

लेखकाविषयी आधी थोडे सांगावयास हवे. कॉर्मियर यांचा जन्म १९२५ सालचा, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेमिन्स्टर या लहान शहरातला. कॅनडातून कारखान्यांत काम करण्यासाठी आलेल्या फ्रेंच भाषक कॅथलिकांची तेथे एक वस्ती होती. आपली भाषा, आपले चर्च आणि चर्चला लागून सिस्टरांनी चालविलेली शाळा असा तिचा संसार. आपल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. कॉर्मियर त्याच शाळेत शिकले, पुढे शेजारच्या गावच्या वृत्तपत्रात त्यांनी वर्षानुवर्षे पत्रकारिता केली आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत ते लेमिन्स्टर सोडून गेले नाहीत. अर्थात, हे पुस्तक बाहेरून दगड मारणाऱ्याचे नव्हे; घरातल्या माणसाचे आहे. कादंबरीचे बीजही घरातलेच. त्यांच्या मुलाला शाळेने विकण्यासाठी चॉकलेटे दिली. ती विकायची की नाही हे वडिलांनी त्याच्यावरच सोपविले आणि मुलाने ती परत नेऊन दिली. प्रत्यक्षात काहीच घडले नाही. पण घडले असते तर, या विचाराने लेखकाला सोडले नाही.

अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचे, नववी ते बारावी. नववीच्या मुलाला 'फ्रेशमन' म्हणतात, आणि त्या शब्दात नवखेपणाबरोबर थोडी हेटाळणीही असते. कॉर्मियर यांची ट्रिनिटी ही मुलांची कॅथलिक शाळा, ब्रदरांनी चालविलेली. विद्यार्थी सुमारे चारशे. नायक जेरी रेनॉल्ट नववीत आहे. आई नुकतीच वारलेली, वडील औषधांच्या दुकानात कामाला, घरात दोघांमध्ये शब्दांपेक्षा शांतताच अधिक. मुख्याध्यापक आजारी असल्याने कारभार ब्रदर लिऑन यांच्या हाती आला आहे. दरवर्षीच्या चॉकलेटविक्रीसाठी त्यांनी या खेपेस वीस हजार पेट्या उचलल्या आहेत. मागल्या वर्षाच्या दुप्पट पेट्या, भावही दुप्पट, प्रत्येक मुलाच्या वाट्यास पन्नास. माल मातृदिनानंतर उरलेला, जांभळ्या फिती सोडवून नव्याने सजविलेला. हा तपशील लेखक सहज टाकून पुढे जातो. आईविना राहिलेल्या मुलाने नेमकी तीच चॉकलेटे विकावयाची आहेत, हे वाचकाच्या मागाहून ध्यानात येते.

शाळेत दुसरी एक सत्ता आहे : 'व्हिजिल्स'. शब्द आपल्या उपासनेतला, सणाच्या आदल्या रात्रीच्या जागरणाचा. येथे तो वरच्या वर्गांतील मुलांच्या एका गुप्त मंडळाने घेतला आहे. ही मुले खालच्या वर्गांतील मुलांना 'कामगिऱ्या' देतात आणि त्या ठरविणारा आहे आर्ची कॉस्टेलो. तो मारहाण करीत नाही, आवाजही चढवीत नाही. गूबर या टोपणनावाच्या एका नववीतल्या मुलाला तो एका वर्गातील सगळ्या बाकांचे, टेबलाचे, फळ्याचे स्क्रू ढिले करावयास लावतो. सकाळी सारे कोसळते आणि त्या वर्गाचे सौम्य स्वभावाचे ब्रदर यूजीन मनाने असे खचतात की पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. गूबरने काय केले? सांगितले ते केले. पण त्याच्याही आत कुठलासा स्क्रू ढिला झाला तो कायमचा.

आर्चीवर एक अंकुश आहे. कामगिरी दिल्यावर त्याने एका काळ्या पेटीत हात घालावयाचा. पेटीत सहा गोट्या, पाच पांढऱ्या आणि एक काळी. काळी आली तर ती कामगिरी त्याला स्वतःला करावी लागेल. रूढीतच न्यायाची सोय केलेली दिसते खरी, पण गोटी प्रत्येक वेळी पांढरीच निघते. ज्या रूढीला दैवाचा कौल सतत लाभतो, ती मुलांच्या नजरेत नियम होऊन बसते.

हे वाचताना आम्हांला आमचे वसतिगृह आठवले. पहिल्या वर्षाच्या मुलांनी पहाटे विहिरीवरून मोठ्या मुलांच्या बादल्या भरून आणावयाच्या, अशी तेथे रीत होती. कोणी सुरू केली, कोणास ठाऊक. आम्ही वर्षभर बादल्या भरल्या, रडलोही. पुढच्या वर्षी आमची बादली एका नव्या मुलाने भरली आणि आम्ही ती भरू दिली. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, उलट हक्काची वाटली. कॉर्मियर यांचे सामर्थ्य असे की ते आपल्याला आर्चीचा राग करीत बसू देत नाहीत. आर्ची एकच असतो; बादली भरू देणारे मात्र पुष्कळ असतात.

पुस्तकातील सर्वांत भेदक प्रसंग मुलांच्या मंडळाचा नाही, वर्गातला आहे. ब्रदर लिऑन बेली या हुशार, भिडस्त मुलाला फळ्याजवळ बोलावतात आणि सर्व विषयांत उत्तम गुण मिळविल्याबद्दल त्याच्यावर नक्कल केल्याचा आरोप करतात. परिपूर्ण तर केवळ परमेश्वर, मग तू कसा? मुलगा गोंधळतो, वर्ग हसतो, मग हसणे थांबते. शेवटी मागच्या बाकावरून एकच दुबळा आवाज येतो : सोडा त्याला. त्याबरोबर ब्रदर लिऑन वर्गावर उलटतात आणि तुम्ही गप्प राहिलात, या वर्गाचा तुम्ही नाझी जर्मनी केलात, असे सुनावतात. धडा खरा आहे. शिकविणाराच तो पायदळी तुडवीत आहे. सत्य शब्दांचा असा वापर धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत किती सोपा असतो, हे इतक्या थोडक्यात दाखविलेले आमच्या वाचनात अन्यत्र नाही.

मग येतो नकार. व्हिजिल्सनी जेरीला दिलेली कामगिरी एवढीच : दहा दिवस चॉकलेटे विकावयाची नाहीत. रोज हजेरीच्या वेळी नाव पुकारले की 'नाही' म्हणावयाचे. दहा दिवस संपतात. अकराव्या दिवशी त्याने 'हो' म्हणावयाचे ठरलेले. आणि तो पुन्हा 'नाही' म्हणतो. का, हे त्यालाही नीटसे सांगता येत नाही. त्याच्या कपाटात टी. एस. एलियट यांच्या कवितेतील एका प्रश्नाचे भित्तिचित्र आहे. या विश्वाची घडी विस्कटण्याचे धाडस आपण करावे काय, अशा आशयाचा तो प्रश्न. पण जेरी तत्त्वज्ञ नव्हे. नकार त्याच्या तोंडून आधी निघतो, अर्थ मागाहून येतो. लेखकाने येथे भाषण दिले असते तर पुस्तक कोसळले असते.

त्या नकाराची किंमत दोन्ही सत्ता मिळून वसूल करतात, आणि कादंबरीचे मर्म आम्हांला येथे दिसते. ब्रदर लिऑन यांनी अधिकाराबाहेर जाऊन शाळेचे पैसे गुंतविले आहेत, म्हणून विक्रीसाठी त्यांनी आर्चीचे साहाय्य आधीच मागितलेले आहे. जेरीच्या नकारामागचे कारण काढून घेण्यासाठी ते डेव्हिड कॅरोनी या गुणवान मुलाला नापासाचा शेरा दाखवून धमकावतात. व्हिजिल्स विक्रीची मोहीम हाती घेतात आणि एकाएकी सर्वांच्या नावांपुढे पन्नास पन्नास पेट्या जमा होऊ लागतात. गूबर मित्राखातर सत्तावीस पेट्यांवर विक्री थांबवितो, तर त्याच्याही नावावर परस्पर पन्नास लागतात! नकार देणाऱ्याला चिरडणे ही एक रीत; त्याचा नकार हिशेबातूनच पुसून टाकणे ही दुसरी, आणि अधिक भयंकर.

शेवट रात्रीच्या मैदानावर होतो. जेरीच्या उरलेल्या पन्नास पेट्यांच्या निमित्ताने सोडत काढली जाते. तिकिटावर मुलांनी ठोसा लिहावयाचा आणि जेरी व एमिल जान्झा या दांडगट मुलाने तो एकमेकांना मारावयाचा. काळी पेटी येते, आर्ची दोनदा हात घालतो, दोन्ही वेळा पांढरी गोटी. जेरीही शेवटी चिडून मारतो आणि त्याच क्षणी त्याला कळते की आपणही त्यांच्यातलेच एक झालो. ब्रदर जाक दिवे बंद करून तो प्रकार थांबवितात, पण तोवर उशीर झालेला असतो. ब्रदर लिऑन दुरून सारे पाहत असतात. जखमी जेरीला गूबरला सांगावयाचे आहे की ते म्हणतील तसे वाग, धाडस करू नकोस. पण तोंडातून शब्द फुटत नाहीत. आर्चीला शिक्षा होत नाही.

याच शेवटासाठी अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले होते. लेखकाने शेवट बदलला नाही. अमेरिकेतील शाळांतून आणि ग्रंथालयांतून हे पुस्तक काढून टाकावे अशी मागणी वारंवार झाली. २००४ साली सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या तेथील यादीत ते पहिले होते. शिवराळ भाषा, मुलींविषयीचे उथळ विचार, निराशा हे आक्षेप. पहिले दोन खोटे नाहीत. १९८८च्या चित्रपटाने निराशेवर उतारा शोधला. तेथे काळी गोटी निघते आणि आर्चीला स्वतः जेरीसमोर उभे राहावे लागते. प्रेक्षक सुखावतो आणि चित्रपट तेथेच दुबळा होतो, कारण गोटी काळी निघाली की दोष एका मुलापुरता उरतो.

आमचेही काही आक्षेप आहेत. आर्ची इतका अचूक आहे की तो शाळकरी मुलगा वाटतच नाही. चारशे मुलांच्या शाळेत एकही आई दाराशी येऊन चौकशी करीत नाही, हे आम्हांला पटत नाही. आणि प्रार्थनेला या कथेत काहीही कार्य नाही. हा दोष की लेखकाचा हेतू, याचा निर्णय आम्ही बराच काळ करू शकलो नाही. मग एका तपशिलाकडे आम्ही परतलो. आरंभी आर्चीसोबत मैदानाकडे पाहत बसलेल्या ओबीला गोलाच्या खांबांच्या सावल्या क्रुसांसारख्या दिसतात, रिकाम्या क्रुसांसारख्या. शेवटी तो पुन्हा तेथेच बसला आहे. ते खांब आपल्याला कशाची तरी आठवण देतात, असे त्याला वाटते. कशाची, ते मात्र आठवत नाही. कॅथलिक शाळेत शिकलेल्या मुलाला! आम्ही तेथे पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

पुढे १९८५ साली कॉर्मियर यांनी 'बियॉन्ड द चॉकलेट वॉर' हा दुसरा भाग लिहिला. तो पहिल्याच्या तोडीचा नाही. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने नवख्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला. आपल्या महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ साली आला. कायदा बादलीपर्यंत पोहोचतो किंवा पोहोचत नाही, ते वसतिगृहाच्या वॉर्डनवर अवलंबून.

आता त्या पालकांचा प्रश्न. शाळेच्या किंवा चर्चच्या निधीसाठी आपलीही मुले सोडतीची तिकिटे घेऊन दारोदार जातात, आणि त्यात मुळात गैर काहीच नाही. आपल्या कित्येक वर्गखोल्या अशाच उभ्या राहिल्या आहेत. पण तिकिटे न खपवता परत आणणाऱ्या मुलाचे नाव वर्गात कसे पुकारले जाते, हे आपण घरी कधी विचारतो काय? आमचे मत असे : पुस्तक कपाटातून काढावे. आधी वडिलांनी संपूर्ण वाचावे, शिव्यांपाशी न थांबता. मग मुलाला द्यावे, आणि बेलीचा प्रसंग दोघांनी एकत्र वाचावा. त्या वर्गात तू कुठल्या बाकावर बसला असतास, एवढेच त्याला विचारावे. तो उलट तोच प्रश्न वडिलांना विचारील, त्याची तयारी ठेवावी.